अंगणातला होकार

गॉलवे,
२६ फेब्रुवारी, रविवार

लाडक्या अट्रॅक्टा मावशीस,

तुझा खोकला कसा आहे? आई म्हणते बरा आहे, तू म्हणशील नव्हताच, म्हणजे तो या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असणार. तू पाठवलेले लोकरी मोजे मिळाले. एक दुसऱ्यापेक्षा लांब आहे, पण बुटात कुणाला दिसत नाही. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि येतं तेव्हा तू ऐकत नाहीस.

इकडे सगळं ठीक. चष्म्याच्या दुकानात गर्दी आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारते, हे स्पष्ट की हे? निम्मे लोक म्हणतात, दोन्ही सारखंच. पूर्वी मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही.

राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, चर्चमध्ये गेले होते. कपाळावरची राख घेऊन तशीच दुकानात गेले आणि एका बाईंनी ती पुसायला रुमाल काढून दिला. तू यंदाच्या उपवासकाळात काय सोडलंस? गेल्या वर्षी मुरंबा सोडलास आणि ईस्टरपर्यंत तुझ्याशी बोलायची सोय उरली नव्हती, असं आई सांगते.

मी दारू सोडली आहे. कोटावर दारू न पिण्याच्या शपथेची पिन लावून तू आयुष्य काढलंस, तेव्हा हे वाचून तुला बरं वाटेल. फार बरं वाटून घेऊ नकोस. ईस्टरपर्यंतच आहे. आणि दुसरीही एक गोष्ट आहे, ती तुला माहीत असणार. नाताळात माझा कोट खुंटीला अडकवताना तू तो नाकाशी नेलास आणि काही न बोलता अडकवलास. तेव्हापासून आपण दोघी एकमेकींना ओळखून आहोत, असं मी धरते. आईला सांगितलं नाहीस याबद्दल आभार.

पण मावशी, मी तुझ्यासारखी सिगारेट ओढत नाही. दुकानात नाही, घरी नाही, सकाळी तर वासही नको वाटतो. सोमवार ते गुरुवार माझं पाकीट खणात पडून असतं. शुक्रवारी पबमध्ये ग्लास हातात आला की दुसरा हात रिकामा वाटायला लागतो. मग मागच्या अंगणात जायचं, कुणाकडून तरी पेटवून घ्यायची, बोलायचं. आत संगीत इतकं मोठं असतं की जे काही बोलायचं ते लोक अंगणातच बोलतात. माझ्या वयाची अर्धी माणसं अशीच ओढतात. विचारलं तर सांगतात, मी ओढत नाही.

फर्गल मला तिथेच भेटला. त्याच्याबद्दल आईने तुला सांगितलं असेलच. शाळेत शिकवतो, सहावीचा वर्ग. आईने विचारलं होतं, कुठे ओळख झाली? मी सांगितलं, एका मैत्रिणीकडे. तसं खोटं नव्हतं. क्लोडाही अंगणातच उभी होती. क्लोडा म्हणजे माझ्याबरोबर राहते ती, तुझ्या बागेतल्या भिंतीवरून पडलेली.

उपवासकाळाआधीच्या मंगळवारी प्रथेप्रमाणे आम्ही फर्गलकडे पॅनकेक खाल्ले आणि मग पबमध्ये गेलो. तिथे ठरलं, एकेकाने एकेक सोडायचं. मी दारू, त्याने सिगारेट. दोन्ही सोडली तर घरी बसावं लागेल, असं दोघांनाही वाटलं. तो म्हणाला, "अर्धा मी, अर्धी तू. दोघं मिळून एक अख्खा संत होतो."

तेव्हा फार हसलो. आता काय झालंय ते ऐक. त्याने सिगारेट सोडली म्हणून तो अंगणात येत नाही. मी दारू सोडली म्हणून मला आत, त्या गोंगाटात, शुद्धीत बसवत नाही. तो बारपाशी, मी अंगणात. मध्ये दार. दाराला काच आहे. मधूनमधून तो आतून ग्लास उंचावतो, मी बाहेरून सिगारेट उंचावते. काल क्लोडा म्हणाली, "तुम्ही लग्न केलंत ना, तर पलंगाच्या मधोमधसुद्धा दार बसवून घ्याल."

मी हसले नाही. का, ते राहू दे.

आणखी एक विचित्र गोष्ट. दारूशिवाय सिगारेटला चव नाही. जळालेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. तरी मी पूर्वीपेक्षा जास्त ओढते, कारण सोड्याचा ग्लास घेऊन अंगणात नुसतं उभं राहिलं की लोक विचारतात, बरी आहेस ना? आणि फर्गल पूर्वीपेक्षा जास्त पितो. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "बाहेर जायचं नाही म्हटल्यावर करायचं काय? ग्लास उचलायचा." म्हणजे दोघांनी मिळून देवाला काय दिलं, ते मला कळेनासं झालंय.

तू दारूचा थेंब न घेता एवढी वर्षं कशी ओढतेस? थट्टा नाही, खरंच विचारते.

खोकल्याची काळजी घे. हे तूच मला लिहायला हवं, पण तू लिहिणार नाहीस.

तुझी,
ब्रोना


गॉलवे,
१९ मार्च, रविवार

लाडक्या मावशीस,

तुझं पत्र आलं. तुंबलेल्या गटाराची एवढी माहिती मी आजवर वाचली नव्हती. माझ्या प्रश्नाचं उत्तर तू शेवटी उभ्या समासात लिहिलंस, ते मी कागद फिरवून वाचलं. तुझी सिगारेट चहाला टेकलेली आहे, चहा गेला तर तीही जाईल, म्हणून तू चहा सोडायचा विचारही करत नाहीस. आणि ती पिन तू काही पुण्य म्हणून लावली नव्हतीस, तुला दारूची चव आवडली नाही, आणि एकदा लावल्यावर काढली तर गाव विचारेल म्हणून राहिली. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? लहानपणी तू खोलीत आलीस की बाबा ग्लास फुलदाणीमागे ठेवायचे.

आज मातृदिन, आईला फोन केला. फर्गल कसा आहे, म्हणाली. तिच्या आवाजात हॉटेलचा हॉल आणि पाहुण्यांची यादी मला ऐकू येत होती. म्हणून आधीच सांगते, यातलं काही तिच्या कानावर घालू नकोस.

गेल्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. पॅनकेकच्या मंगळवारी नुसतं संत व्हायचं ठरलं नव्हतं. त्याआधी फर्गलने मला विचारलं होतं. अंगणात. वारा होता, तो माझी सिगारेट पेटवत होता, ज्योतीभोवती दोन्ही हात धरून. वर न बघताच म्हणाला, "आपण लग्न करायचं का?"

मी म्हटलं, "शुद्धीत असताना विचार."

तो म्हणाला, "मी शुद्धीत असतो तेव्हा तू भेटतेस कुठे?"

मावशी, मी आठवून पाहिलं. वर्ष होत आलं, आणि तो म्हणतो ते खरं आहे. जेवायला गेलो तर वाइन, मित्रांकडे गेलो तर बिअर, आणि त्यामागोमाग अंगण किंवा गॅलरी किंवा जिना. मला माहीत असलेला फर्गल हा हातात काहीतरी असलेला फर्गल आहे. त्यालाही मी तशीच माहीत आहे. म्हणून मीच म्हटलं, उपवासकाळात काहीतरी सोडू या. म्हणजे कळेल. पण सोडायची वेळ आली तेव्हा दोघांनीही हात आखडता घेतला आणि ते अर्ध्या संताचं निघालं.

तरी एका रविवारी आम्ही दोन्हींशिवाय भेटलो. दुपारी, सॉल्टहिलला, समुद्राकाठच्या रस्त्यावर. आपण सगळे जातो तसेच टोकापर्यंत गेलो, रिवाजाप्रमाणे तिथल्या भिंतीला लाथ मारली आणि परत फिरलो. जाताना तो शाळेच्या नळांबद्दल बोलला. येताना मी भिंगांच्या नव्या कंपनीबद्दल बोलले. माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं, खिशात घातले तर तो म्हणाला, थंडी वाजते का? अंगणात तो ऐकतो तेव्हा डोळे बारीक करून ऐकतो. मला वाटायचं, ते माझ्यासाठी आहे. ते धुरामुळे होतं. रस्त्यावर तो ऐकताना फोन बघतो. पण मग एका म्हाताऱ्या माणसाच्या कुत्र्याचा पट्टा सुटला, तेव्हा फर्गल न बोलता गेला, गुडघे टेकून बसला, कुत्र्याशी काहीतरी पुटपुटला आणि त्याला घेऊन आला. मग हात पँटला पुसत मला म्हणाला, "हां, तर भिंगांचं काय म्हणत होतीस?" नेमकं जिथे सोडलं होतं तिथून.

यावरून मी काय समजायचं?

आता परवाचं. सेंट पॅट्रिकचा दिवस. त्या दिवशी उपवासकाळ लागू नसतो हे तुला सांगायला नको, तू मुरंबा खाल्लाच असशील. मिरवणूक संपल्यावर दुपारीच आम्ही सगळे पबमध्ये गेलो. ऊन होतं. दोघांनीही दोन्ही घेतलं. काळ्या बिअरचा पहिला घोट आणि लगेच सिगारेट, आणि मावशी, चव परत आली. सगळं परत आलं. फर्गल दाराच्या माझ्या बाजूला होता. डोळे बारीक करून बघत होता. मला वाटलं, हाच तो, इतके दिवस कुठे होता?

त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं.

अंगणातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका अनोळखी माणसाने स्वतःच्या डोक्यावरची कागदी हिरवी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. क्लोडा रडली. ती पॅट्रिकच्या दिवशी दरवर्षी रडते, तेव्हा त्याचं काही नाही.

काल सकाळी फर्गलचा संदेश आला. डोकं दुखतंय, मुलांच्या वह्या तपासायच्या आहेत. त्यात होकाराचा उल्लेख नाही. मीही केला नाही. आज पुन्हा आला. हवा बरी आहे, असं होतं. मी लिहिलं, हो. आणि ते हो लिहिताना माझा हात थबकला.

ज्या दिवशी सगळ्या शपथा बाजूला ठेवायच्या असतात, त्या दिवशी दिलेला शब्द धरायचा की नाही? कालपासून उपवासकाळ पुन्हा सुरू झाला. तो पुन्हा आत, मी पुन्हा बाहेर. जर ते हो दारूचं होतं तर ते गेलं. पण दारू नसताना मला हो किंवा नाही, काहीच म्हणता येत नाही. मग ते माझंच होतं आणि दारूने फक्त दार उघडलं? की आत कुणी नव्हतंच?

फादरना विचारता येईल, पण ते फर्गलच्या शाळेत येतात.

तू काय ते लिही. गटारासकट चालेल.

तुझी गोंधळलेली,
ब्रोना


गॉलवे,
२ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मावशी,

चर्चमधून आणलेली झावळीची फांदी टेबलावर ठेवून लिहायला बसले आहे. क्लोडा विचारते, हिला पाणी घालायचं का?

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मी पाठ केली. "हो म्हणालीस ते कळलं. कुणाला म्हणालीस ते कळलं नाही." बाकीच्या पानभर तू शेजाऱ्याच्या मेंढ्यांबद्दल लिहिलंस. मला दोन दिवस तुझा राग आला होता. वाटलं, माझ्यापेक्षा मेंढ्यांना जास्त जागा. नंतर वाटलं, मेंढ्यांबद्दल तुला नक्की काय ते माहीत आहे.

परवा शुक्रवारी चर्चमध्ये फर्गलच्या वर्गातल्या मुलांचा दृढीकरणाचा विधी होता. महिनाभर तो त्याच तयारीत होता. त्याने मला बोलावलं, म्हणून दुकानातून सुट्टी घेऊन गेले. मुली नव्या कपड्यांत कुडकुडत होत्या. मुलांच्या केसांना जेल लावलेलं होतं, सगळे ओल्या मांजरांसारखे दिसत होते. बिशप बोलले, मुलांच्या कपाळांना तेल लावलं, आणि शेवटी मुलांना उभं करून त्यांनी शपथ दिली. अठरा वर्षांची होईपर्यंत मी दारू पिणार नाही. मुलं पाढे म्हणतात तशा सुरात म्हणाली. आमच्या वेळी आम्हीही असंच म्हटलं होतं, तू मागच्या बाकावर बसली होतीस. फर्गल भिंतीशी उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. नंतर म्हणाला, सवय आहे, मुलांना शिकवताना त्यांच्याबरोबर म्हणावं लागतं.

बाहेर फोटो चालले होते. आम्ही दोघं चर्चच्या बाजूला, गाड्यांपाशी थांबलो. त्याच्याकडे ग्लास नव्हता, माझ्याकडे सिगारेट नव्हती. भर दुपार, उजेड डोळ्यांवर येत होता. मी म्हणायचं ठरवून गेले होते, म्हणून म्हटलं. "पॅट्रिकच्या दिवशी तू विचारलंस त्याचं काय?"

तो म्हणाला, "मी त्या दिवशी काही विचारलं नव्हतं."

मला वाटलं, आता हा नाकबूल करतोय. मी काहीतरी लागेल असं बोलणार होते. पण त्याचा चेहरा तसा नव्हता. तो म्हणाला, "मी शाळेच्या सहलीच्या बसबद्दल सांगत होतो. तू मध्येच म्हणालीस, हो. मी म्हटलं, कशाला हो? तर म्हणालीस, लग्नाला, अजून कशाला."

"मग तू इतके दिवस गप्प का?"

"सोमवारी पुन्हा म्हणतेस का ते बघत होतो," फर्गल म्हणाला. "मग मंगळवारी. तू हवेबद्दल लिहीत राहिलीस."

"हवेबद्दल तू लिहीत होतास."

"हो, ते मीच," तो म्हणाला.

संध्याकाळी क्लोडाला विचारलं. तिने अगदी तेच सांगितलं, बससकट. वर म्हणाली, "बिचारा भाडं किती पडतं ते सांगत होता."

तर मावशी, कुणी विचारलंच नव्हतं. मी आपणहून म्हणाले. मला आठवत होतं ते त्याचं विचारणं पॅनकेकच्या मंगळवारचं होतं, ते मी उचलून पॅट्रिकच्या दिवशी नेऊन ठेवलं. आता सांग, हे जास्त खरं की कमी? न विचारता दिलेलं उत्तर मनातलं असायला हवं, असं एकदा वाटतं. पण ज्या मनाला विचारलंय की नाही एवढंही आठवत नाही, ते मन कुणाचं? मी गाड्यांपाशी उभी राहून हाच विचार करत होते आणि तो वाट बघत होता. त्याने घाई केली नाही. फोन बघितला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी त्याच्याबद्दल चुकीचं सांगितलं असं व्हायला नको.

मी म्हटलं, "मग ते हो मी परत घेते."

त्याने उजेड अडवायला डोळ्यांवर हात धरला. मग म्हणाला, "म्हणजे नाही?"

"नाही असंही नाही. मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "मंगळवारी मी विचारलं तेव्हाही नव्हतं. ज्योत विझेल म्हणून घाईत विचारलं."

त्यावर मला हसू आलं आणि त्यालाही. एवढ्यात कुणीतरी सरांना हाक मारली, बिशपांबरोबर फोटो होता. जाताना त्याने विचारलं, मी पुन्हा कधी विचारलं तर चालेल का? मी म्हटलं, तेही मला माहीत नाही. त्याने मान हलवली. वळून गेला. कोट मागून चुरगळलेला होता, बहुधा गाडीत त्यावर बसला असणार. तो नीट करावा असं वाटलं, पण तोवर तो मुलांच्यात मिसळला होता.

मी बसने परत आले. शुक्रवार होता, क्लोडा तयार होऊन बसली होती. मी म्हटलं, तू जा. फर्गलही गेला नाही, क्लोडाने आल्यावर सांगितलं. बारपाशी त्याची जागा रिकामी होती.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हे सगळं लिहिलं. क्लोडा गेल्यावर मी स्वयंपाकघरात बसले आणि वाट बघत राहिले, की आता सिगारेट हवीशी वाटेल. पाकीट खणात होतं. किंवा क्लोडाची वाइन होती, ती घ्यावीशी वाटेल. एवढं झाल्यावर कुणालाही वाटलं असतं. पण दोन्ही नको होतं. मला फक्त, दुपारी काय झालं ते कुणाला तरी सांगायचं होतं. मी चर्चपाशी काय म्हणाले, समोरचा कसा वाट बघत राहिला, ज्योतीचं काय म्हणाला, आम्ही कसे हसलो, कोट कसा चुरगळला होता. आणि हे सगळं ज्याला सांगावं असं एकच माणूस मला आठवत होतं, ते म्हणजे फर्गल.

मी त्याला फोन केला नाही. कालही नाही, आजही नाही. होकार परत घेतलाय, आता कोणत्या नात्याने करायचा?

याला काय म्हणतात ते तुला माहीत असेल, तर लिहू नकोस. मला वाटतं, ते माझं मलाच कळायला हवं, आणि कळायच्या आधी कुणी नाव सांगितलं तर मी लगेच हो म्हणून बसेन.

मेंढ्यांबद्दल लिही.

सध्या तरी फक्त तुझीच,
ब्रोना